दारात शोभणारी काठी

जेवणाच्या टेबलावर मधोमध पिकदाणी ठेवलेली असली तर माणसाने जेवायचं कसं? कुणा मेलेल्या जमीनदाराने जन्मभर तीत पानाच्या पिंका टाकलेल्या. आमच्या घरी ती चिंचेने घासली, राखेने घासली, मग कसल्याशा पावडरीने घासून लखलखीत केली आणि तीत निशिगंधाच्या काड्या उभ्या केल्या. “बघ, कशी शोभते,” हे म्हणाले. मला मात्र आमटीत पळी बुडवताना त्या लाल पिंकाच दिसायच्या. मी ती उचलून मोरीत ठेवायची, हे मोरीतून उचलून पुन्हा टेबलावर आणायचे. असा आमचा संसार चालला होता.

हे म्हणजे माझे मिस्टर, हणमंतराव. धर्मांतराच्या आधी जन्मले म्हणून नाव हणमंत राहिलं. शाळेच्या दाखल्यावर तेच, नोकरीतही तेच. मी नंतरची, म्हणून पंचशीला. माझे वडील नांदेडला रेल्वेत होते. मी क्वार्टरमध्ये वाढले, गाव कधी पाहिलं नाही. लातूर जिल्हा झाला तशा इथे कचेऱ्यांवर कचेऱ्या आल्या. ह्यांची बदली बांधकामाच्या कचेरीत झाली, मला शाळेत जागा मिळाली आणि औसा रस्त्याला आम्ही घर बांधलं. चांगलं हवेशीर घर होतं. बोअरला पाणी लागलं होतं. त्या घराचा ह्यांनी भंगारखाना करेपर्यंत मी सुखात होते.

ह्या आजाराची लागण रेणुकादाससाहेबांकडून झाली. साहेब म्हणजे ह्यांचे वरचे अधिकारी, मूळचे औशाकडचे, गावात मोठं घराणं. त्यांनी एकदा आम्हाला चहाला बोलावलं. त्यांच्या दिवाणखान्यात कड्यांचा झोपाळा होता, कोनाड्यात समया होत्या, भिंतीवर तलवार होती. त्यांच्या मिसेस, सौदामिनीबाई, एकेका वस्तूवरून हात फिरवत सांगत होत्या की ही आजेसासऱ्यांची, ही पणजोबांची. मग म्हणाल्या, “जुन्या वस्तूंशिवाय घराला घरपण नाही हो.”

घरी आल्यावर हे दिवाणखान्याच्या मध्ये उभे राहून भिंतींकडे बघत राहिले. पांढऱ्या भिंती, लोखंडी खुर्च्या, बाबासाहेबांचा फोटो, ट्रान्झिस्टर. मला ते बघणं कळलं. साहेबांच्या वस्तू त्यांच्या माळ्यावरून खाली आल्या होत्या. आमच्या माळ्यावर काय होतं? सिमेंटची रिकामी पोती. म्हणजे आता दुसऱ्यांच्या वाडवडिलांचा कचरा विकत आणून आपल्या घराला घरपण आणायचं.

औशाच्या बाजारात धोंडप्पा नावाचा एक भंगारवाला होता. दुष्काळ होता, शहाऐंशीचा उन्हाळा. गावोगावी माणसं घरातलं तांबं-पितळ काढून विकत होती, त्यामुळे धोंडप्पाचं दुकान भरून वाहत होतं. दर रविवारी ह्यांची स्कूटर तिकडे. येताना मागे काहीतरी बांधलेलं असायचं. एकदा जातं आणलं आणि त्यावर काच टाकून त्याचं चहाचं टेबल केलं. अंधारात पायाचा अंगठा त्यावर आपटला की डोळ्यांतून पाणी यायचं. एकदा कोरीव लाकडी तुळईचा तुकडा आणला, त्याच्या नक्षीत वटवाघळांची लेंडं अडकलेली. ती मी काडीने कोरून काढली आणि दोन दिवस भात खाऊ शकले नाही. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब आणला. त्याच्या पोटाला भोकं पाडून, आत बल्ब लावून त्याचा दिवा केला. बंबात विस्तव असतो, पाणी तापतं. आमच्या बंबात चाळीसचा बल्ब आणि मेलेल्या माश्या होत्या.

हे सगळं ते स्वतःच्या हाताने करायचे, हे मात्र मान्य केलं पाहिजे. कचेरीतून आले की बाही वर करून अंगणात बसायचे. करवत, कानस, ड्रिल, पॉलिशचे डबे. त्यांच्या हाताला सुख होतं. पण माझ्या घराला स्पिरिटचा, गंजाचा आणि चिंचेच्या आंबूस पाण्याचा वास कायमचा लागला. पडदे धुतले तरी जाईना. आणि एके दिवशी शाळेतून आले तर बाबासाहेबांचा फोटो दिवाणखान्यात नव्हता. त्या जागी अडकित्ते ओळीने टांगले होते.

“फोटो कुठे गेला?”

“आत, झोपायच्या खोलीत. त्याची फ्रेम प्लॅस्टिकची आहे, पंचशीला. ह्या सगळ्यात बसत नाही.”

“मग मीपण बसत नाही. मलाही आत टांगा,” मी म्हणाले. ते हसले. मी हसले नव्हते.

एका रविवारी ती काठी आली.

फाटक उघडायच्या आधी तिचा वास आला. कुजक्या गाळाचा, मेलेल्या मासळीचा. उंच, जाड, काळी पडलेली काठी. वरच्या टोकाला लोखंडाच्या कड्या, कड्यांत हिरवी बुरशी धरलेली घुंगरं. खालचं टोक सडून भुसभुशीत झालेलं, त्यातून किडे निघत होते. धोंडप्पाने सांगितलं होतं की कुठल्याशा नदीच्या डोहात रोजगार हमीवाले गाळ काढत होते, त्यांना सापडली. निजामाच्या दरबारातल्या चोपदाराची काठी, पुढे चोपदार घुंगरं वाजवत चालायचा, मागून नवाब. असा माल रोज येत नाही म्हणून त्याने ती खास ह्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती.

“ही घरात आली तर मी नांदेडला जाईन,” मी सांगितलं.

घरात नाही, अंगणातच तिला नवं रूप आलं. सडलेलं टोक कापलं. लाकूड कानशीने घासलं. चांगलं बादलीभर पाणी तिच्यावर ओतलं. आमच्या गल्लीत बायका टँकरपुढे कळश्यांच्या रांगा लावून भांडत होत्या, आणि इथे माझा नवरा एका दांडक्याला अंघोळ घालत होता. मला त्या पाण्याच्या ओघळाकडे बघवेना. मग एकेक घुंगरू ब्रशने घासलं, तेल लावलं, आणि काठी उचलून सहज हलवली.

घुंगरं वाजली. छनछन नव्हे, जरा जाड आवाज, जड. ह्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा हलवली. पुन्हा. चेहरा असा झाला की मी तारेवर कपडे टाकायची थांबून बघत राहिले. आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ह्यांचा असा सैल, लहान मुलासारखा चेहरा मी पाहिला नव्हता.

“हा आवाज मी कुठेतरी ऐकलाय,” ते म्हणाले. “गंमत बघ, भूकच लागली एकदम. भाकरी आहे का गं?”

नुकतेच जेवले होते. तरी एक भाकरी नुसत्या तिखटाशी उभ्याउभ्या खाल्ली.

मग ती काठी पुढच्या दाराशी लागली. भिंतीत ड्रिलने भोकं पाडून, सिमेंट भरून, दोन पितळी कड्यांत तिला उभी बसवली. खाली एक स्प्रिंग आणि बाजूला सुती दोरी. दोरी ओढली की काठी वरखाली व्हायची आणि घुंगरं वाजायची. वीज रोज जाते, इलेक्ट्रिक बेल चालत नाही, तेव्हा ही आपली बेल. दूधवाला वाजवायचा, पोस्टमन वाजवायचा, गल्लीतली पोरं वाजवून पळायची. आणि दर वेळी हे म्हणायचे, “बघ, भूक लागली.” घरात तो विनोदच झाला.

रेणुकादाससाहेब आणि सौदामिनीबाई घर बघायला आले तेव्हा ह्यांनी मुद्दाम दार लावून घेतलं, साहेबांनी दोरी ओढावी म्हणून. मी खिडकीतून बघत होते. साहेब पायरी चढले आणि काठीपुढे थांबले. बराच वेळ तिच्याकडे बघितलं. मग बाईंकडे वळून काहीतरी पुटपुटले. बाईंनी पदर तोंडाला लावला. साहेबांनी दोन बोटांत दोरीचं टोक धरलं, ओढलं, आणि खिशातून रुमाल काढून बोटं पुसली.

ह्यांनी दार उघडलं. “साहेब, ओळखा पाहू कसली काठी ते.”

“तुम्हीच सांगा,” साहेब म्हणाले.

ह्यांनी निजाम, चोपदार, नवाब सगळं सांगितलं. साहेब मान हलवत ऐकत होते. पुन्हा दोरी ओढली. “आवाज अगदी खरा आहे हो, हणमंतराव.”

“आणि साहेब, एक गंमत. ही वाजली की मला भूक लागते.”

साहेबांनी बाईंकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. “लागणारच,” ते म्हणाले.

नंतर चहा झाला. पिकदाणीचं कौतुक झालं, जात्याचं झालं. साहेबांनी चहा अर्धा ठेवला, आम्लपित्त आहे म्हणाले. जाताना हे विचारत होते की काठी दिवाणखान्यात तलवारीसारखी आडवी लावली तर कशी दिसेल. साहेब चपला घालता घालता म्हणाले, “छे छे. आत नका घेऊ. ती दारातच शोभते.”

त्या सगळ्यात काहीतरी घाण होतं, एवढं मला तेव्हाही जाणवलं. काय ते कळत नव्हतं. दुधात पाल पडून गेलेली असावी आणि आपल्याला नुसताच वास यावा, तसं झालं. कप विसळताना साहेबांचा कप मी दोनदा घासला.

तिकडे जळकोटच्या पलीकडे, गावी, माझे सासरे एकटे होते. केरबा त्यांचं नाव. सासूबाई, धुरपताबाई, जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही हजारदा बोलावलं तरी मामा यायचे नाहीत. तुमच्या घरात मला करमत न्हाई, एवढंच उत्तर. त्या उन्हाळ्यात त्यांना मुतखड्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलं की ह्याला औषध एकच, पाणी. दिवसभर पाणी प्या, घागर रिकामी करा. आणि गावात विहिरींना चिखलसुद्धा राहिला नव्हता. टँकर आला तर आला. म्हातारा माणूस त्या झुंबडीत कळशी भरणार कशी? शेजारची नागुबाई एक तांब्या आणून द्यायची, तो ते दिवसभर पुरवायचे. मी रजा काढून गावी गेले तेव्हा ते भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. कळ आली की ओठ दाबायचे. लघवीला रक्त येत होतं. मी त्यांच्यापुढे बसून रडले, भांडले, पाया पडले. शेवटी म्हणाले, “बरं पोरी. पाऊस पडूस्तोवर येतो.”

म्हणून त्यांना लातूरला आणलं त्या दुपारी मी फार आनंदात होते. एसटीतून उतरल्यावर रिक्षा केली. घरी माठ भरून ठेवलेला होता, मागच्या खोलीत खाट टाकलेली होती. मी फाटक उघडून पुढे झाले, कुलपात किल्ली घातली. मागे वळून बघते तर मामा पायरीखाली थांबले होते. नजर काठीवर.

“या ना मामा.”

“ही कुनी आनली?”

“ह्यांनी. निजामाच्या चोपदाराची आहे म्हणे. दोरी ओढली की वाजते,” असं म्हणून मी मूर्खासारखी दोरी ओढून दाखवली.

मामा दोन पावलं मागे सरले. चप्पल काढून हातात घेतली आणि पायरीच्या बाजूला, भिंतीपासून लांब, मान खाली घालून उभे राहिले. हे त्यांनी ठरवून केलं नव्हतं. अंगाने आपोआप केलं होतं. क्षणभराने त्यांनाच ते कळलं. त्यांनी चप्पल पुन्हा पायात घातली आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला माझ्या दारात कुणाच्या डोळ्यांत पाहायचं नव्हतं.

“चोपदाराची न्हाई पोरी,” ते म्हणाले. “येसकराची हाय.”

मग अंगणातल्या लिंबाखाली बसून त्यांनी सांगितलं. महारवाड्यातल्या एका घराकडे वर्षभर येसकरकी असायची, पाळीपाळीने. ही काठी त्या घरी. गावची राखण करायची, सांगावे न्यायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि दिवस बुडताना काठी वाजवत दारोदार भाकर मागायची. घुंगरं कशाला? येसकर आलाय हे आधी कळावं म्हणून. म्हणजे घरच्यांनी त्याच्या सावलीपासून लांब व्हावं आणि भाकर वरून टाकावी.

“छप्पन सालानंतर आमी समद्यांनी ठरवलं आन् काठ्या तिरू नदीच्या डोहात टाकल्या,” ते म्हणाले. “तवा हेबी ठरवलं, पोरांपुढं ह्या काठीचं नाव काढायचं न्हाई. त्यांना ठावंच नको असं काय व्हतं म्हनून.”

“मग ही आपल्या गावची?”

“आसंल, नसंल. समद्या गावांनी टाकल्या व्हत्या. तवा डोहाला पानी व्हतं.”

मला एकदम रेणुकादाससाहेबांची दोन बोटं आठवली. रुमाल आठवला. सौदामिनीबाईंचा पदर, अर्धा चहा, आणि ‘लागणारच’. त्या माणसाच्या लहानपणी त्याच्या दारात ही काठी रोज वाजत होती. त्याने पहिल्या नजरेत ओळखली होती. ओळखून माझ्या दारात उभं राहून दोनदा वाजवली आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, आत नका घेऊ. माझ्या घशाशी आंबट आलं. मोरीत जाऊन मी चूळ भरली, पुन्हा भरली, चव जाईना.

मामांना पाणी दिलं तर त्यांनी तांब्या हातात घेतला नाही. “त्या दारातून आलेलं पानी मला नगं. ती हाय तवर मी ह्या घरात येत न्हाई. सांजच्या गाडीनं जातो.”

“मामा, तिकडे पाणी नाही. मराल तुम्ही.”

“बरं,” ते म्हणाले, जणू मी बाजारभाव सांगितला होता.

मी काठी ओढून पाहिली. हलेना. ह्यांचं काम पक्कं होतं. सगळं घर कच्चं झालं असतं तरी चाललं असतं, हे एक काम पक्कं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर शोधत होते तेवढ्यात स्कूटर वाजली.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. तोंडाचा रंग उतरला. पण पहिलं वाक्य काय बोलले? “हळू बोला. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. आधी ती काढा,” मी म्हणाले.

“काढू. काढतो. पण लगेच नको.” ते फाटकाकडे बघत होते. “कुणाला काय माहितीय? लोक चोपदाराचीच समजतात.”

“रेणुकादाससाहेब नाही समजत. त्यांना पहिल्यापासून माहितीय.”

त्यांनी फाटक लावून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, “तसं असेल तर मग मुळीच काढता येत नाही. आता काढली तर त्यांना कळेल की आपल्याला कळलं.”

मी त्या माणसाकडे बघत राहिले. वटवाघळाची लेंडं, पिकदाणी, गाळातले किडे, ह्या घरात मी सगळं सहन केलं होतं. पण त्या वाक्याची मला आली तशी किळस मला कशाचीच आली नव्हती. साहेबांना अवघड वाटू नये म्हणून बाप तहानेने मरायला गावी पाठवायचा. हे शिकलेलं डोकं होतं आणि मी त्याच्याशी लग्न केलं होतं.

मामा उठले. गाठोडं काखेत मारलं. “येतो पोरी.”

“आबा, थांबा हो.” हे त्यांच्या आडवे आले. “ऐका तरी. मी काय अपमान म्हणून लावली का? शपथेवर सांगतो, मला तिच्यात वाईट काही दिसतच नाही. उलट तिचा आवाज ऐकला की मन भरून येतं. खरंच. कुणी दारात वाजवली की मला भूक लागते.”

मामा चालता चालता थांबले. वळले नाहीत.

“काय लागती?”

“भूक.”

मामांनी गाठोडं खाली ठेवलं. हळूहळू वळले आणि मुलाकडे बघितलं. त्यांचा आवाज मघासारखा कोरडा राहिला नव्हता.

“तू चार सालाचा आसशील,” ते म्हणाले. “येसकरकी आपल्याकडं व्हती. दिस बुडला की मी गावात जायचो. तुजी माय तुला दारात बसवायची. दिसभर पोटात काय नसायचं तुज्या. लांबून घुंगरं वाजली की तू उठून नाचायचास. आली, आली म्हनायचास. मी टोपलं खाली ठिवायच्या आत तू हात घालायचास. शिळ्या भाकरी, कुनाची आंबलेली आमटी, कुनाच्या ताटातलं उष्टं, समदं एकात एक. तू बोटं चाटून खायचास.” ते थांबले. “त्याची भूक लागती तुला, हणमंता.”

हे पायरीवर बसले. मग उठून जास्वंदीच्या आळ्यापाशी गेले आणि वाकून ओकले. दुपारचा डबा, चहा, सगळं पडलं. मी पाठीवर हात ठेवला नाही. खोटं का सांगू, मला हात लावावासा वाटला नाही.

तोंड पुसून ते आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. सिमेंटमध्ये बसवलेले स्क्रू, एकेक फिरवताना काठी हलायची आणि घुंगरं वाजायची. पहिल्यांदा वाजली तशी मामांनी डोळे मिटले. ह्यांनी ते पाहिलं. मग डाव्या हाताच्या मुठीत घुंगरं गच्च आवळून धरली आणि उजव्या हाताने स्क्रू काढत राहिले. घाम डोळ्यांत जात होता, पण मूठ सोडून पुसला नाही. काठी सुटली तेव्हा भिंतीचं मूठभर प्लास्टर खाली आलं.

ते काठी घेऊन वडिलांपुढे उभे राहिले. “आबा, हिचं काय करू?” बोलणं शहरातलं राहिलं नव्हतं. “कुटं टाकू हिला?”

“मला इचारू नको,” मामा म्हणाले. “आमची आमी टाकली व्हती. ही तू आनलीस. ही तुजी हाय. तुजी तू टाक.”

टाकायची कुठे? लातुरात बुडवण्याइतकं पाणी कुठे होतं? ह्यांनी थोडा वेळ विचार केला, आणि आत जाऊन बंबाचा दिवा उचलून आणला. वायर उपटली, बल्ब काढला, माश्या झटकल्या. बंब अंगणात ठेवला. करवतीने काठीचे तुकडे केले आणि एकेक बंबात घातले. जुनं, तेल प्यालेलं लाकूड होतं, लवकर धरलं. पाडलेल्या भोकांतून धूर आणि जाळ दोन्ही बाहेर येत होते, आणि त्या धुराला अजून गाळाचा वास होता. घुंगरं जळत नाहीत. ती राखेत काळी पडून राहिली.

धूर निवळल्यावर मामा उठले आणि प्लास्टर पडलेल्या भिंतीवरून हात फिरवून घरात आले. दिवाणखान्यात थांबून त्यांनी अडकित्त्यांची रांग पाहिली, जातं पाहिलं, पिकदाणीत डोकावून पाहिलं आणि नाक मुरडलं. माठापाशी जाऊन बसले. मी तांब्या भरून दिला, त्यांनी घटाघटा प्याला आणि पुढे केला. मी भरत राहिले. एवढ्या वेळात मला पहिल्यांदा श्वास घेतल्यासारखं वाटलं.

रात्री हे जेवले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडायचे आणि ताटात ठेवायचे. मामांनी आग्रह केला नाही.

सकाळी मी राख उपसली तेव्हा ह्यांनी घुंगरं वेचून घेतली, वर्तमानपत्रात बांधली आणि कचेरीत घेऊन गेले. संध्याकाळी आले ते पायरीवरच बसून बूट काढायला लागले. बाजूला मामा लिंबाखाली तांब्या घेऊन बसले होते. हे खाली बघत, बुटाची नाडी सोडत सांगू लागले.

“साहेबांच्या टेबलावर पुडी उघडून ठेवली. म्हटलं, साहेब, तुम्ही पहिल्या दिवशी ओळखली होती. मला तेव्हाच सांगायला हवं होतं.”

“मग?”

“साहेबांनी टेबलावरची लाकडी पट्टी घेतली आणि तिच्या टोकाने पुडी माझ्याकडे सरकवली. मग पट्टीसुद्धा केराच्या टोपलीत टाकली.” नाडीची गाठ सुटत नव्हती. “इतकी वर्षं रोज त्यांच्या टेबलावर मी फाइल ठेवतो. रोज ते ती पट्टीनेच सरकवतात. मी समजत होतो, साहेबांची लकब आहे.”

मामांनी तांब्यातलं उरलेलं पाणी एका दमात पिऊन टाकलं. मी आत गेले. जेवणाच्या टेबलावरची पिकदाणी उचलली, निशिगंधासकट नेली आणि फाटकाबाहेरच्या कचऱ्यात ओतून आले. ह्यांनी पाहिलं. आत जाऊन अडकित्ते काढले आणि त्या खिळ्याला बाबासाहेबांचा फोटो लावला, प्लॅस्टिकच्या फ्रेमसकट. तो जरा तिरपा बसला.

मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोळे लाल होते, आवाज मात्र साधाच होता.

“भाकरी टाक गं,” म्हणाले. “भूक लागलीय.”

घरात कुठेच काही वाजलं नव्हतं. मी तवा ठेवला.